न मागितलेली सेवा, न विचारलेला आकार

भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यात, धानाच्या बांध्यांनी आणि जुन्या मालगुजारी तलावांनी वेढलेल्या दिघोरीसारख्या गावी, मोबाईलचा रिचार्ज करून देणाऱ्या दुकानाच्या फळीपुढे दहा-पंधरा वर्षांपूर्वी जी तक्रार वारंवार ऐकू येई, ती बहुधा एकाच ठरावीक साच्यातली असे : “काल पन्नासचा बॅलन्स टाकला, कोणाले फोन नाही केला जी, तरी तीस रुपये कटले.” दुकानदार तो छोटा, बटणांचा फोन हाती घेई, चार कळा दाबी आणि निर्विकारपणे सांगे की, तुम्ही कॉलर ट्यून घेतली आहे, त्यावर गिऱ्हाईक शपथेवर सांगे की, आपण असले काहीही मागितलेले नाही. वास्तविक पाहता दोघेही खरेच बोलत असत. कंपनीच्या दफ्तरी त्या इसमाची मंजुरी रीतसर नोंदलेली असे, आणि त्या इसमाने आपल्या समजुतीप्रमाणे कशालाही मंजुरी दिलेली नसे. या दोन सत्यांच्या मधल्या अरुंद फटीतून गेल्या वीस वर्षांत या देशातील सामान्य माणसाचा किती पैसा झिरपून गेला असेल याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. मात्र तो झिरपतो कसा, आणि ती फट बुजवण्याची तजवीज कायद्याने काय केली आहे, हे समजून घेण्याजोगे आहे.

साधा संदेश एका मनुष्याकडून दुसऱ्या मनुष्याकडे जातो आणि त्याचा आकार पोचवणुकीपुरता असतो. प्रीमियम संदेशाची गोष्ट निराळी. तो चार वा पाच आकडी लघुक्रमांकावर जातो किंवा तेथून येतो, आणि त्याच्या आकारात पोचवणुकीखेरीज त्यातून मिळणाऱ्या मालाचीही किंमत मिसळलेली असते. मग तो माल म्हणजे राशिभविष्य असो, क्रिकेटचा धावफलक असो, विनोद असो, गाण्याची धून असो, की एखाद्या गायकाला दिलेले मत असो. दूरसंचाराच्या दफ्तरी भाषेत यांस मूल्यवर्धित सेवा असे भारदस्त नाव आहे. महाराष्ट्राला हा प्रकार प्रथम परिचित झाला तो दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून. २००५ साली मुंबईचा अभिजीत सावंत पहिला ‘इंडियन आयडॉल’ झाला आणि २००९ साली झी मराठीवरील ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’मध्ये कार्तिकी गायकवाड विजयी झाली, तेव्हा घराघरांतून लोकांनी जे कौल पाठवले ते अशाच क्रमांकांवर, आणि ज्या घरात वर्तमानपत्राचे बिल देतानाही दोनदा विचार होई, त्या घरातून एकेका रात्री दहा-दहा मते जात. स्टार वाहिनीचा ७८२७ हा क्रमांक तर कळफलकावर इंग्रजीत ‘स्टार’ ही अक्षरे दाबली की आपोआप जुळून येई, इतकी ही योजना चतुर होती. तो खर्च उघड्या डोळ्यांनी केलेला होता, पदरात आनंदही पडत होता, आणि त्याबद्दल रडण्याचे कारण नाही. परंतु लोकांच्या अंगठ्याला अशा क्रमांकांची सवय लागली ती याच काळात.

त्या उघड खर्चातही काही झाकलेले होते की काय, हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेलाच. २००७ च्या जानेवारी ते एप्रिल या काळात शाहरुख खान याने सादर केलेल्या ‘कौन बनेगा करोडपती’च्या पर्वात ‘हर सीट हॉट सीट’ नावाची स्पर्धा होती : प्रत्येक भागात प्रेक्षकांना एक प्रश्न विचारला जाई, त्यांनी उत्तर संदेशाने धाडायचे, आणि बरोबर उत्तरांतून चिठ्ठी काढावी तसा एक विजेता निवडून त्याला दोन लाख रुपये द्यायचे. संदेशाचा आकार होता २ रुपये ४० पैसे. सोसायटी ऑफ कॅटालिस्ट्स या संस्थेने राष्ट्रीय ग्राहक आयोगापुढे फिर्याद नेली, तीत सुमारे ५ कोटी ८० लाख संदेशांचा आणि त्यांपासून झालेल्या १३ कोटी ९२ लाख रुपयांच्या वसुलीचा हिशेब पुढे आला. बक्षीस कंपनीच्या औदार्याचे असल्याचा भास निर्माण करून ते वस्तुतः प्रेक्षकांच्याच पैशांतून दिले जात होते, असा संस्थेचा आक्षेप होता. आयोगाने २००८ मध्ये वाहिनी व दूरसंचार कंपनी यांना एक कोटी रुपयांचा दंडात्मक भुर्दंड ठोठावला. पण सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली तो रद्द केला, कारण बक्षिसाची रक्कम संदेशांच्या उत्पन्नातूनच दिली गेली असे दाखवणारा पुरावा दफ्तरात नव्हता. निकाल कायद्याच्या दृष्टीने बिनतोड असेल. तथापि दोन रुपये चाळीस पैशांचा साडेपाच कोटींहून अधिक वेळा गुणाकार केला म्हणजे काय होते, हे त्या प्रकरणाने एकदाचे जाहीर केले. एकट्या प्रेक्षकाच्या दृष्टीने ती रक्कम चहाच्या एका कपापुरती, आणि म्हणूनच तिच्याविषयी वाद घालणे त्याला हास्यास्पद वाटावे अशी. या धंद्याचे सारे बळ त्या हास्यास्पदतेत आहे.

पैसा जातो कोणाकडे हे भंडाऱ्याच्या मनुष्यास समजावून सांगणे सोपे आहे, कारण मालगुजारी त्याच्या आजोबाने पाहिलेली आहे. १९५१ साली ती पद्धत संपुष्टात येईपर्यंत मालगुजार रयतेकडून सारा गोळा करी, सरकारचा हिस्सा सरकारजमा करी आणि उरलेला आपल्याकडे ठेवी. मोबाईल कंपनीची जागा येथे तीच आहे. धून, भविष्य किंवा खेळ पुरवणारा व्यापारी बहुधा कोणी तिसराच असतो, त्याला ग्राहकापर्यंत हात पोचवता येत नाही. वसुली कंपनी करते आणि वसुलीचा भरघोस वाटा तीच ठेवते. फरक एवढाच की, मालगुजाराला निदान दारी येऊन मागावे लागे. प्रीपेड ग्राहकाची रक्कम कंपनीकडे आगाऊ जमा असते. तिला मागण्याची गरज नसते, केवळ कापून घ्यायचे असते. ज्याच्याकडे महिन्याअखेरीस बिल येते तो ग्राहक निदान बिल पाहून भांडू तरी शकतो. शंभर रुपये भरून फोन चालवणाऱ्या शेतमजुराला शिल्लक संपल्यावरच कळते की ती संपली आहे, आणि तेही नेमके दवाखान्यात फोन लावायच्या वेळी.

आता मंजुरी कशी ‘मिळे’ ते पाहू. पहिला मार्ग यंत्राच्या फोनचा. दुपारी एखाद्या अनोळखी क्रमांकावरून घंटा वाजे, उचलावा तर आतून गाणे सुरू होई आणि एक गोड आवाज हिंदीत सांगे की, ही धून आपली करण्यासाठी अमुक कळ दाबा. ऐकणाऱ्या वृद्धेला त्यातले काही कळत नसे. ती फोन बंद करण्याच्या धडपडीत जी कळ दाबी तीच बहुधा मंजुरीची कळ ठरे. दुसरा मार्ग त्याहून मोहक. समोरच्याच्या फोनवर गजानन महाराजांच्या आरतीची धून ऐकू आली, आणि तेवढ्यात ‘ट्यून कॉपी करण्यासाठी स्टार दाबा’ असे कानावर पडले की, भक्तिभावाने स्टार दाबला जाई. महिन्याकाठी तीस रुपयांच्या आसपास आकार लागू झाला हे मागाहून कळे, आणि तो दर महिन्यास आपोआप लागू होत राहील हे तर बहुतेकांना कळतच नसे. तिसरा मार्ग मला सर्वांत निर्लज्ज वाटतो. जुन्या फोनच्या पडद्यावर सिमकार्डातूनच एक चौकट अकस्मात उमटे. तीत एखाद्या नटीची बातमी किंवा सामन्याचा निकाल अर्धवट लिहिलेला असे आणि खाली ‘ओके’. मनुष्य त्याच क्षणी कोणाचा तरी क्रमांक शोधण्यासाठी मधली कळ दाबीत असे, आणि चौकट उमटण्याची व अंगठा टेकण्याची वेळ एकच आली की सौदा पुरा झाला. पुढे इंटरनेट आले तेव्हा जाहिरातीच्या चित्रावर चुकून टेकलेले बोटही असेच पुरेसे होऊ लागले. नातवाच्या हाती खेळायला दिलेल्या फोनाने तर घराघरांतून असे सौदे केले.

१८७२ च्या भारतीय करार कायद्याने संमतीची जी व्याख्या केली आहे ती अशी की, उभय पक्षांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली पाहिजे. अंगठ्याखाली सापडलेल्या ‘ओके’ला ती व्याख्या लावून पाहावी, म्हणजे उभय पक्षांपैकी एकाला आपण पक्ष आहोत हेच ठाऊक नसल्याचे आढळेल.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, या गोष्टीची दखल टप्प्याटप्प्याने घेतली. ४ जुलै २०११ च्या निर्देशाने एकदा दाबलेली कळ अपुरी ठरवण्यात आली आणि ग्राहकाकडून स्वतंत्र दुजोरा मिळाल्याखेरीज आकार घेऊ नये असे बंधन आले. १० जुलै २०१३ च्या निर्देशाने ते अधिक घट्ट केले : सेवा सुरू करण्यास दोनदा स्पष्ट मंजुरी हवी, दुसरी मंजुरी विकणाऱ्याच्या यंत्रणेतून न घेता वेगळ्या यंत्रणेमार्फत घेतली पाहिजे, सेवेचे नाव, मुदत, आकार आणि ती बंद करण्याची रीत ग्राहकास संदेशाने कळवली पाहिजे. मंजुरी नसताना सेवा सुरू झाली अशी तक्रार ती सुरू झाल्यापासून चोवीस तासांत केल्यास कापलेली रक्कम परत मिळते. आणि सर्व कंपन्यांसाठी एकच निःशुल्क क्रमांक मुक्रर झाला, १५५२२३. त्यावर फोन करावा किंवा ‘स्टॉप’ हा शब्द इंग्रजीत लिहून धाडावा, म्हणजे आपल्या क्रमांकावर कोणत्या सेवा चालू आहेत ते कळते आणि नको त्या बंद करता येतात. बंद करण्यास चार तासांहून अधिक वेळ लागू नये असा दंडक आहे. मला या सगळ्या नियमांत हा सहा आकड्यांचा क्रमांकच सर्वांत शहाणपणाचा वाटतो. तीस रुपयांची फसवणूक करणाऱ्यास ठाऊक असते की तीस रुपयांसाठी कोणी भंडाऱ्यापर्यंत एसटीचे तिकीट काढून जाणार नाही; तेव्हा इलाजही तीस सेकंदांत होणारा असला तरच तो इलाज. दुर्दैव असे की, बॅलन्स कटल्याची तक्रार ज्यांच्या तोंडी नित्य असते त्यांच्यापैकी फारच थोड्यांना तो पाठ असतो. रिचार्जच्या दुकानदाराने तो फळीवर खडूने लिहून ठेवायला काय हरकत आहे?

नियम झाले म्हणून प्रकार थांबला असे नव्हे, आणि तो केवळ आपल्याच देशापुरता आहे असेही नव्हे. अमेरिकेत गेलेल्या मराठी कुटुंबांच्या बिलांवरही महिना ९ डॉलर ९९ सेंटची अशी न मागितलेली भविष्ये आणि नटनट्यांच्या वार्ता उमटत असत. २०१४ साली तेथील फेडरल ट्रेड कमिशनने टी-मोबाईल व एटी अँड टी या कंपन्यांना त्याबद्दल जाब विचारला. प्रकरणे अनुक्रमे किमान ९ कोटी आणि १० कोटी ५० लाख डॉलरांच्या तडजोडीने मिटली. टी-मोबाईल अशा वसुलीतील ३५ ते ४० टक्के स्वतःकडे ठेवी असे कमिशनचे म्हणणे होते. बिलाच्या लांबलचक पानांत ही ओळ बेमालूमपणे खपवलेली असे. दिघोरीचा मजूर बिल येत नाही म्हणून फसला आणि न्यू जर्सीचा अभियंता बिल फार मोठे येते म्हणून.

२०१६ च्या सप्टेंबरात जिओ आली, आणि तिच्यामागून ठरावीक दिवसांचे, बोलण्यास मोकळीक देणारे पॅक सर्वत्र रूढ झाले. तेव्हापासून मूळ शिल्लक म्हणून बहुतेकांच्या खात्यात काही उरतच नाही, आणि जेथे उरत नाही तेथे कापणार काय? जुनी चोरी त्यामुळे पुष्कळशी आटली. पण आकार नव्या वाटांनी येतात, आणि त्यांतले काही पूर्ण प्रामाणिक असूनही चोरीसारखे भासतात. युपीआयचे ॲप प्रथम सुरू करताना ते आपल्याच सिममधून बँकेच्या यंत्रणेकडे एक संदेश धाडते, कारण सिम खरोखर त्याच फोनात आहे अशी रुजवात त्यातून होते. ज्या पॅकमध्ये संदेश अंतर्भूत नाहीत त्यात या संदेशाचे पैसे पडतात, शिल्लक नसेल तर नोंदणीच होत नाही, आणि मनुष्य ॲपला शिव्या देतो. आयफोनही आयमेसेज व फेसटाईम सुरू करताना गुपचूप एक परदेशी संदेश पाठवतो, त्याचा परदेशी दराने आकार लागू शकतो. बँकेच्या पासबुकात तिमाहीस ‘एसएमएस चार्जेस’ म्हणून जी नोंद दिसते ती तर मोबाईल कंपनीची नव्हेच, ती बँकेची. त्याबाबत रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१३ मध्येच बँकांना सांगून ठेवले आहे की, हा आकार प्रत्यक्ष पाठवलेल्या संदेशांच्या संख्येनुसार घ्यावा. तेव्हा ज्याच्या खात्यात तीन महिन्यांत दोनच व्यवहार झाले त्याने शाखेत जाऊन हिशेब मागण्यास संकोच करू नये.

याउलट एका प्रकाराबद्दल मात्र सावधच राहिले पाहिजे. अनोळखी परदेशी क्रमांकावरून एकच घंटा वाजून फोन थांबतो. मिस्ड कॉल ही आपल्याकडे गरिबाची तार आहे. तिला उत्तर देणे हा शिष्टाचार, आणि त्या शिष्टाचारावरच ही युक्ती बेतलेली आहे, कारण उलट फोन केला की तो महागड्या दराच्या परदेशी क्रमांकावर जातो. एरवी दुबईला कोणी नातलग नसेल तर तेथून आलेल्या घंटेला उत्तर न देण्यात काही असभ्यता नाही. नको असलेल्या जाहिराती थांबवण्यासाठी १९०९ हा क्रमांक आहे. आणि २०२५ च्या दुरुस्तीनंतर व्यापारी संदेश पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी इंग्रजी ‘पी’ हे अक्षर असले तर तो प्रचाराचा संदेश, ‘जी’ असले तर सरकारी, अशी खूण लागू झाली आहे.

इतके करूनही पैसे कटलेच तर काय करावे? प्रथम, पैसे कापल्याचा जो संदेश येतो तो पुसून टाकू नये. आकार लावल्यानंतर किती कापले आणि किती उरले हे प्रीपेड ग्राहकास कळवणे २०१२ च्या नियमांपासून कंपनीवर बंधनकारक आहे. पण फोनची जागा भरली की लोक सर्वप्रथम कंपनीचे संदेश झाडून टाकतात, आणि पुरावा त्यांच्याबरोबर जातो. ज्याला मागचा सर्व तपशील हवा असेल त्याला मागील सहा महिन्यांपर्यंतचा तपशीलवार हिशेब पन्नास रुपयांहून अधिक नसलेल्या फीवर मागता येतो. नंतर १९८ वर तक्रार नोंदवावी. हा फोन निःशुल्क असतो, आणि पलीकडील व्यक्तीने कितीही मधुर आश्वासन दिले तरी तक्रारीचा नोंदणी क्रमांक घेतल्याखेरीज तो ठेवू नये; तो क्रमांक म्हणजे या कारभारातली पावती. उत्तर समाधानकारक न आल्यास तीस दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे अपील करता येते, त्याला फी नाही, आणि त्याचा निकाल एकोणचाळीस दिवसांत लागावा असा नियम आहे. कंपनीविरुद्धचे अपील कंपनीच्याच माणसाने ऐकावे यात काही विसंगती आहे असे वाचकास वाटेल, मलाही वाटते. पण ही पायरी गाळली तर पुढच्या दारी विचारणा होते की आधी तेथे का गेला नाहीत. ट्रायकडे वैयक्तिक तक्रारी घेतल्या जात नाहीत, हे मात्र ध्यानात ठेवावे. तेथे अर्ज धाडून वाट पाहत बसणाऱ्यांचा काळ व्यर्थ जातो.

पुढचे दार म्हणजे ग्राहक आयोग, आणि ते काही वर्षे जवळजवळ बंदच होते. १८८५ च्या तार कायद्यात अशा वादांसाठी लवादाची तरतूद होती. तिचा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली असे ठरवले की टेलिफोनच्या बिलाचा तंटा ग्राहक न्यायालयात चालणार नाही, आणि कंपन्यांच्या वकिलांना तो निर्णय तोंडपाठ झाला. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली आणि १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला, त्या साऱ्या खटाटोपाचा उपयोग फोनच्या ग्राहकाला नसावा ही स्थिती चमत्कारिक होती. ती पालटली एका अहमदाबादकरामुळे. महिना २४९ रुपये भाड्याचा पोस्टपेड फोन वापरणाऱ्या या गृहस्थाला २०१३ च्या अखेरीस एकाच महिन्याचे २४,६०९ रुपये ५१ पैशांचे बिल आले. तो जिल्हा मंचाकडे गेला, कंपनीने अधिकारक्षेत्राचा मुद्दा काढला, आणि तो मुद्दा दिल्लीपर्यंत लढवला गेला. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने निकाल दिला की, तार कायद्यातील लवादाच्या तरतुदीमुळे ग्राहक न्यायालयाचा अधिकार नष्ट होत नाही. ग्राहकाला दोन्ही मार्ग खुले आहेत. मूळ बिल खरे की खोटे हा प्रश्न तोवर आठ वर्षे तसाच उभा होता, हा भाग वेगळा.

तीस रुपयांसाठी हा मार्ग कोणी धरावा असे मी म्हणणार नाही. त्यासाठी १५५२२३ आणि १९८ आहेत, आणि तक्रारीआधी सल्ला हवा असल्यास १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे. परंतु ज्याच्या बिलात महिनोन्‌महिने न मागितलेल्या सेवेची रक्कम साचली असेल, किंवा कंपनीने नोंदणी क्रमांक देऊनही दाद दिली नसेल, त्याने भंडाऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्यास कचरू नये. पाच लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणास तेथे फी पडत नाही, वकील करणे सक्तीचे नाही, अर्ज मराठीतून लिहिता येतो, आणि मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. सोबत जोडावयाचे कागद म्हणजे पैसे कापल्याचे संदेश, तपशीलवार हिशेब, १९८ चा नोंदणी क्रमांक आणि अपिलाचे उत्तर, किंवा उत्तर आले नसल्यास अपील पाठवल्याची पोच.